करपलेले शेंडे

“उज्ज्वला, केराची सुपली आण गं जरा!”

बाल्कनीतून कुंदाताईंची हाक आली तेव्हा माझ्या कढईत चकल्या होत्या. कुंदाताई माझी मोठी नणंद, संगमनेरला दिलेली. सासूबाई गेल्यापासून दरवर्षी दिवाळीच्या आठवडाभर आधी त्या दोन दिवस आमच्याकडे नाशिकला यायच्या. आईच्या मागे माहेरचं घर अस्वच्छ राहू नये म्हणून. घर स्वच्छच असायचं, कारण ते मी ठेवत होते. पण माहेरवाशिणीला असलं काही सांगायची पद्धत नाही.

गॅस बारीक करून मी सुपली घेऊन गेले. कुंदाताई पदर खोचून लोकाटाच्या झाडासमोर उभ्या होत्या. हातात सासूबाईंची शिवणाची मोठी कात्री.

“यंदाही शेंडे करपलेत बघ. ऑक्टोबरचं ऊन हे असं. जरा सावलीत नाही का सरकवायचं?”

“तो ड्रम सरकवायला दोन माणसं लागतात, ताई.”

“मग लावायची दोन माणसं. धर, सुपली नीट धर.”

कच्, कच्, कच्. फांद्यांच्या टोकाला आलेले तांबूस, तपकिरी, लोकरीसारखी लव असलेले गोळे सुपलीत पडत गेले. ते करपल्यासारखेच दिसायचे, यात शंका नाही. मलाही तसंच वाटायचं. मी सुपली धरून उभी होते, आणि ते आजही मला सलतं.

आत आरामखुर्चीत बाबा पेपर वाचत होते. बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

“हे शेवंतीच्या कुंडीत टाक,” कुंदाताई म्हणाल्या. “खत तरी होईल. आणि चकल्या जळतायत का गं तुझ्या?”

जळल्याच होत्या.

मला राग लवकर येतो आणि लवकर जात नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. त्यात खोटं काही नाही. या गोष्टीला आता चोवीस वर्षं झाली, तरी सांगताना माझा आवाज चढतो. तर हे लोकाटाचं झाड काय होतं ते आधी सांगते.

बाबांची सगळी नोकरी देहराडूनला गेली, नकाशे काढण्यात. सासूबाई मुलांच्या शाळेसाठी इकडेच राहिल्या. तिथल्या सरकारी घराच्या अंगणात लोकाट होतं. निवृत्त होऊन नाशिकला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा त्यांनी कोटाच्या खिशातून त्याच्या मूठभर बिया आणल्या. डालड्याच्या डब्यात लावल्या. एक रुजली. “पिवळं, अंड्यासारखं फळ असतं,” ते मला सांगायचे. “चैत्रात येतं. सालं नखाने सोलायची आणि तोंडात टाकायचं. आंबा-बिंबा त्याच्यापुढे काही नाही.” नाशिकला बसून आंब्याला नावं ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मग सासूबाई आजारी पडल्या, बाबांचे गुडघे गेले, आणि झाड माझ्याकडे आलं. डब्यातून कुंडीत, कुंडीतून अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रममध्ये. दर दोन वर्षांनी ते बाहेर काढायचं, कडेची मुळं विळ्याने तासायची, नवी माती आणि शेणखत भरायचं. मोहरीची पेंड चार दिवस भिजवायची आणि तिचा वास सगळ्या घराने माझ्या नावाने सोसायचा. उन्हाळ्यात ड्रमला ओलं गोणपाट गुंडाळायचं. पानांवर धूळ साचते म्हणून एकेक पान फडक्याने पुसायचं. खाली भालेरावबाईंच्या पापडांवर पाणी ठिबकलं की बोलणी मी खायची. एकदा ड्रम उचलताना माझ्या कमरेत अशी चमक भरली की पंधरा दिवस मी वाकू शकत नव्हते. माझे यजमान, हेमंत, तेव्हा म्हणाले, “कशाला एवढं? बाजारात फळं मिळत नाहीत का?”

लोकाट नाशिकच्या बाजारात मिळत नव्हतं, आणि मुद्दा तोही नव्हता. मला त्या झाडाला आलेलं फळ बघायचं होतं. बाबांनी मला शब्द दिला होता. मी कंबर शेकत पडले होते तेव्हा ते खोलीच्या दारात उभं राहून म्हणाले होते, “उज्ज्वला, फळ धरलं ना, की पहिलं तुझ्या हातावर ठेवणार.”

दहा वर्षं झाली. झाड माझ्या डोक्याच्या वर गेलं. फळ नाही. दर वर्षी बाबा म्हणायचे, “पुढच्या वर्षी येईल.” सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, “वांझ दिसतंय.” मी म्हणायचे, तुमच्या जिभेला काही हाड?

तर त्या वर्षी कुंदाताई झाड भुंडं करून, दोन डबे फराळ घेऊन संगमनेरला गेल्या. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी आकाशकंदिलाची वायर बांधायला बाल्कनीत स्टुलावर चढले. कठड्याच्या बाहेर वाकले, तर वास आला. मला वाटलं शेजारी कुणीतरी बदामाचा शिरा परततंय. वास खालून येत नव्हता, आतून येत नव्हता. कठड्याबाहेर गेलेल्या एका फांदीवरून येत होता.

कुंदाताईंची कात्री तिथवर पोचली नव्हती. फांदीच्या टोकाला तोच तपकिरी, लवदार गोळा होता. पण तो फुटला होता, आणि त्यातून पाच-सात पांढरट पिवळी फुलं बाहेर आली होती. दोन मधमाश्या त्यांच्यावर बसल्या होत्या.

मी स्टुलावरून उतरले. शेवंतीच्या कुंडीत आठ दिवसांपूर्वी टाकलेले शेंडे वाळून पडले होते. त्यातला एक उचलून नखाने फोडला. आत ज्वारीच्या दाण्यांसारख्या कळ्या गच्च भरलेल्या. दुसरा फोडला. तसाच. तिसरा. मी खाली फरशीवर बसले आणि सगळे फोडले.

बाबा खुर्चीत होते. मी ते फूल आणि वाळलेल्या कळ्या त्यांच्या पेपरावर ठेवल्या.

“हे काय आहे, बाबा?”

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला.

“लोकाटाला फूल आलं की!”

“आणि हे?”

त्यांनी वाळलेली कळी बोटाने पेपरावर बाजूला सारली.

“तीस वर्षं तुमच्या अंगणात लोकाट होतं. त्याच्या कळ्या कशा दिसतात, तुम्हाला माहीत नाही?”

“माहीत आहे,” बाबा म्हणाले.

मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. म्हातारपण आहे, विसरले असतील, नजर गेली असेल. मी माझ्या मनाने त्यांच्यासाठी सगळ्या सबबी तयार ठेवल्या होत्या. त्यांनी एकही घेतली नाही.

“पहिल्यांदा कळ्या धरल्या, तेव्हा तुझ्या सासूबाईंना जाऊन तीन महिने झाले होते,” ते म्हणाले. “कुंदा आली. रडत रडत तिने अख्खं घर पुसलं. मग आईची कात्री घेतली आणि झाड साफ केलं. मला येऊन म्हणाली, ‘बाबा, आई असती तर तिने असंच केलं असतं ना?’ मी काय सांगणार होतो?”

“बरं. त्या वर्षी नाही सांगितलं. पुढच्या वर्षी?”

“पुढच्या वर्षी सांगितलं असतं, तर आदल्या वर्षी आपण काय केलं ते तिला कळलं असतं.”

“आणि त्याच्या पुढच्या?”

“मग ते वाढतच गेलं.” ते पेपराची कड दुमडत बसले. “तेवढ्यासाठी येते गं ती. घरात आल्यावर तिला आईचं काहीतरी करायला मिळतं.”

“पाच दिवाळ्या, बाबा! पाच! मी ड्रम उचलले, मुळं तासली, लोकांची बोलणी खाल्ली. तुम्ही मला दर वर्षी सांगत होतात, पुढच्या वर्षी येईल. तोंडावर सांगत होतात. माझं काय?”

बाबा माझ्याकडे बघून अगदी साधेपणाने म्हणाले, “तुझं काय, तू घरातलीच.”

हे वाक्य घरोघरी कौतुक म्हणून वापरतात. मीही कौतुक म्हणूनच ऐकत आले होते. शिळी पोळी कुणी खायची, तर घरातलीने. पाहुण्यांना पंखा, घरातलीला स्वयंपाकघर. लेकी बोले सुने लागे म्हणतात. आमच्याकडे लेकीला बोलायचीच सोय नव्हती, त्यामुळे जे लागायचं ते थेट सुनेला. त्या सकाळी मला इतका संताप आला की हातातली कळ्यांची मूठ मी त्यांच्या पायाशी टाकली आणि आत निघून गेले. सासऱ्याशी असं मी त्याआधी कधी वागले नव्हते.

संध्याकाळी पूजेच्या आधी ते स्वयंपाकघराच्या दारात आले. भिंतीला धरून.

“कुंदाला सांगू नकोस. एवढं ऐक माझं.”

“का ऐकू?”

ते तिथेच उभे राहिले. त्या गुडघ्यांवर त्यांना फार वेळ उभं राहवत नसे, हे मला ठाऊक होतं, आणि तेही मला ठाऊक असल्याचं जाणून होते.

“नाही सांगणार,” मी म्हटलं. “पण तो एक घोस उरलाय. त्याला कुणी हात लावला, तर मी गप्प बसणार नाही. मग ती तुमची लेक असो नाहीतर कुणी.”

त्या एका घोसासाठी मी काय केलं नाही! जुन्या मच्छरदाणीचा तुकडा कापून त्याला बांधला. थंडीत फांदी वाऱ्याने मोडू नये म्हणून तिला कठड्याशी सुतळीने अडकवलं. बारीक हिरवी फळं धरली तेव्हा बाबा म्हणाले, “सात ठेव, बाकीची खुड. नाहीतर सगळीच बारकी राहतील.” खुडताना माझा हात होईना. पण खुडली, कारण त्यातलं त्यांना कळत होतं, आणि खोटं बोलायचं त्यात आता काही उरलं नव्हतं. फाल्गुनात रंग बदलायला लागला. एक फळ बुलबुलाने मच्छरदाणीच्या भोकातून चोच घालून फोडलं. सहा राहिली. पिवळीधमक, लव असलेली, मोठ्या आवळ्याएवढी.

ती पाडव्याला उतरवायची असं बाबांनी ठरवलं. आणि पाडव्याला कुंदाताई येणार होत्या.

सकाळी गुढी उभारली. मी कात्रीने देठ ठेवून सहाही फळं काढली, तबकात मांडली आणि गुढीपुढे ठेवली. घरात श्रीखंडपुरीचा बेत. कुंदाताई दहाच्या एसटीने आल्या, नवी साडी, केसात गजरा. फळं बघून दारातच ओरडल्या, “अगंबाई! धरलं की लोकाट!”

नैवेद्य झाल्यावर मी तबक बाबांच्या समोर नेलं. त्यांनी मला दिलेला शब्द मी विसरले नव्हते; ते विसरले असतील तर त्यांनी मला ते दाखवावं, एवढंच माझ्या मनात होतं.

बाबांनी तबकाकडे पाहिलं. मग म्हणाले, “पहिलं कुंदाला दे. माहेरवाशीण आहे.”

मी दिलं.

कुंदाताईंनी साल सोललं, तोंडात टाकलं, डोळे मिटले. “अहाहा! बाबा, तुम्ही म्हणायचात तस्संच.” मग बिया हातात काढून हसल्या. “आणि हे कुणामुळे, सांगा? मी दर वर्षी छाटत होते म्हणून! झाडाला कात्री लागल्याशिवाय फळ धरत नाही. उज्ज्वलाला मी सांगत नव्हते का, नुसतं पाणी घालून काही होत नाही म्हणून?”

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. माझे कान तापले. तबक मी टेबलावर आपटलं नाही, पण ठेवलंही नाही. त्या दोन्हीच्या मधलं काहीतरी झालं आणि एक फळ घरंगळत हेमंतच्या ताटाला जाऊन लागलं. मी बाबांकडे बघितलं. मी शब्द दिला होता आणि तो पाळत होते. पण माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते त्यांना वाचता येत होतं.

बाबा आधी गुढीकडे बघत राहिले. मग खाली बघून म्हणाले, “कुंदा, त्या कळ्या होत्या.”

“कुठल्या?”

“तू कापायचीस त्या. करपलेले शेंडे नव्हते ते. लोकाटाच्या कळ्या तशाच दिसतात.”

कुंदाताईंच्या तळहातावर बिया तशाच होत्या.

“कधीपासून?”

“तुझी आई गेली तेव्हापासून. पाच वर्षं.”

“आणि तुम्ही बघत होतात?”

“हो.”

कुंदाताईंचे डोळे भरून आले, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांची दया आली. ती टिकली असती. पण त्या माझ्याकडे वळल्या.

“तुला माहीत होतं?”

“दिवाळीला कळलं.”

“दिवाळीला! आणि तेव्हापासून एक फोन करता आला नाही? बाबांचं वय झालंय, ते नाही बोलले, मी समजू शकते. पण तू तर धडधाकट आहेस ना? माझ्या हातून हे पाप होत होतं आणि तू शेजारी सुपली धरून उभी राहत होतीस?”

“दीदी, जाऊ दे,” हेमंत म्हणाले. मग माझ्याकडे बघून हळूच, “सणाच्या दिवशी हे आजच काढायला हवं होतं का?”

“मी काढलं?” माझा आवाज शेजारच्या घरात गेला असेल. “मी काढलं हे?”

“तूच! तबक आपटलंस म्हणून तर बाबा बोलले!” कुंदाताई म्हणाल्या. “आई असती तर...”

“कुंदा.”

बाबांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता. पण सगळे थांबलो.

“तिला एक शब्द बोलायचा नाही,” ते म्हणाले. “मी गप्प बसलो. मी. पाच वर्षं तुझ्यासाठी गप्प बसलो आणि तिला खोटं सांगितलं. बोलायचं असेल तर मला बोल.”

बापाला काय बोलणार? त्या उठल्या. आतल्या खोलीत जाऊन पर्स घेतली. श्रीखंड तसंच, पुऱ्या तशाच. मी थांबवायला पुढे झाले नाही. सणाला आलेली माहेरवाशीण उपाशीपोटी जाते आणि सून बसून राहते, हे आमच्या सात पिढ्यांत झालं नसेल. मी बसून राहिले. हेमंत स्कूटरची किल्ली घेऊन त्यांच्या मागे गेले, जाताना माझ्याकडे बघून मान हलवली. त्या मान हलवण्याचा हिशेब मी पुढे त्यांच्याशी वेगळा केला.

दार लागलं. टेबलाशी मी आणि बाबा. मध्ये तबकात चार फळं, पाचवं हेमंतच्या ताटाशी.

मी एक उचललं. साल नखाने सोललं. बाबांना विचारलं नाही, हेमंतसाठी ठेवलं नाही, पुण्याला शिकणाऱ्या लेकीसाठी बाजूला काढलं नाही. तोंडात टाकलं. जरा आंबट होतं, मग गोड. रस हनुवटीवर आला. आतल्या बिया मोठ्या, चिंचोक्यांसारख्या चकचकीत. मी त्या टाकायला ताटली शोधत होते.

बाबांनी हात पुढे केला. तळहात उघडून माझ्या तोंडाखाली धरला, लहान मुलासमोर धरतात तसा.

“इथे टाक,” ते म्हणाले.

“उष्ट्या आहेत.”

“टाक.”

माझा राग गेला नव्हता. अजून गेलेला नाही. मी त्यांच्या डोळ्यांत बघत त्या उष्ट्या बिया त्यांच्या हातावर टाकल्या. मग दुसरं फळ सोललं. मग तिसरं. ते हात तसाच धरून बसले. पाचही फळं मी एकटीने खाल्ली. बिया सतरा निघाल्या.